डोंबिवलीचं शिबिर आणि अळणी आमटी

आधीच सांगून टाकते... भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं यातलं मी काहीही मानत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला रस्ता देते, इतकंच. या ग्रुपवर येणारे अनुभव माझी नात मला वाचून दाखवते, आणि निम्म्या वेळा मी तिला मध्येच थांबवून म्हणते, "पुरे गं, उंदीर असेल." त्यामुळे आज मीच एक अनुभव सांगायला बसले आहे याचं तिला भारी हसू येतंय. टाइप तीच करते आहे, तेव्हा चुका दिसल्या तर त्या तिच्या.

निमित्तही तीच. घोडबंदर रोडला तिच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कन्टेम्पररी डान्सचं वर्कशॉप होतं. घरी आली ती घामाघूम आणि खूश.

"आजी, आज काय मस्त केलं माहितीये? डोळे मिटायचे, समोरच्याच्या हातासमोर हात धरायचे, पण टच नाही करायचा. आणि मग जे सुचेल तसं दोघांनी मिळून हलायचं. स्टेप्स नाहीत, काउंट्स नाहीत, फुल इम्प्रोव्हायझेशन! तुमच्या वेळी असलं काही नसेलच ना?"

मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "होतं की. डोंबिवलीला. मीच केलंय."

"आजी... सीरियसली?"

मग तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. माझ्या मुलांनाही हे मी कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची म्हणून नव्हे, पण कुणी "उंदीर असेल" म्हटलं असतं तर मला ते सोसलं नसतं.

साल चोपन्न असेल नाहीतर पंचावन्न. माझी एस.एस.सी.ची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. माझे वडील रेल्वेत, नेमणूक गदगला. तिथे मराठी शाळेची पंचाईत, म्हणून मला काका-काकूंकडे डोंबिवलीला ठेवलं होतं. तेव्हाची डोंबिवली आता सांगून कुणाला पटत नाही. स्टेशनपासून जरा चालत गेलं की घरं संपायची आणि भाताची खाचरं लागायची. पाणी विहिरीचं. दुपारी खाडीवरून वारा सुटायचा आणि वाळत घातलेली पातळं दोरीवर गुंडाळून टाकायचा. आमची बैठी चाळ होती, दोन खोल्या, मागे पडवी. काका ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून होते. मितभाषी, पापभीरू माणूस. रोज दिवेलागणीला घरी यायचे, पाय धुवायचे आणि पाटावर बसायचे.

आणि माझी काकू. काकूवर माझा फार जीव. तिने मला कधी जवळ घेऊन लाड केले नाहीत, पण परीक्षेच्या दिवसांत पहाटे माझ्याआधी उठून कंदिलाची काच पुसून ठेवलेली असायची. बारीक चणीची, गोरी, बोलण्यात हळू. काम नसलं की दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची. उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटायचं, असते एखादीची सवय.

काकू संध्याकाळी जेवत नसे. दुपारी एकदाच जेवायची, ते सुद्धा उरकल्यासारखं. चाळीतल्या बायका म्हणायच्या की काकूंचं एकभुक्ताचं व्रत आहे, आणि इतकं कडक व्रत कुणाचं पाहिलं नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तिला वाकून नमस्कार करायच्या. एकीने तर उद्यापन कधी आहे म्हणून विचारलं होतं. काकू नुसती हसायची. हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही.

पण त्या वर्षी काकू पार खंगली होती. चैत्रात विहिरीवर घागर ओढताना तिला भोवळ आली आणि शेजारच्या बाईंनी धरलं म्हणून बरं, नाहीतर थेट आत गेली असती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "व्रत देवाला सांगून सोडा. दोन वेळा पोटभर जेवला नाहीत तर माझ्या औषधाचा उपयोग नाही." काकांनी विनवलं, मी रुसून पाहिलं, एक संध्याकाळ मीही जेवले नाही. काकूने माझं ताट झाकून ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "कुसुम, माझ्याशी बरोबरी करू नकोस. तुझं वाढीचं वय आहे." मला रात्रंदिवस एकच धास्ती होती, की ही बाई अशीच हळूहळू विझणार आणि आम्ही बघत बसणार.

आणखी एक बारीकशी गोष्ट. संध्याकाळची आमटी आमच्याकडे अळणी असायची. अगदी रोज. सकाळचं मीठ काकूला जेवताना कळायचं, संध्याकाळचं कळायला मार्गच नव्हता. खारट होण्यापेक्षा कमी बरं म्हणून तिचा हात आखडता. मी आल्या आल्या एकदा तोंड उघडलं होतं, तेव्हा काकांनी डोळ्यांनी दटावलं. नंतर पडवीत नेऊन म्हणाले, "बोलायचं नाही. उपाशीपोटी रांधते ती आपल्यासाठी." तेव्हापासून काकूची पाठ वळली की आम्ही दोघं ताटात वाढलेलं मीठ गुपचूप आमटीत कालवायचो. काका-पुतणीचं आमचं तेवढंच एक कटकारस्थान.

काकूला एक मुलगी होती हे मला माहीत होतं. मंदा. जन्मतः बहिरी, त्यामुळे बोलता येत नव्हतं. देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या श्रावणात तापाने गेली, सात वर्षांची होऊन. काकू तेव्हा आजारी आईला बघायला माहेरी गेली होती, खडवलीच्या पलीकडे नदीपार. नदीला पूर आला आणि ती तिकडेच अडकली. पूर ओसरून घरी पोचली तोवर सगळं उरकलं होतं. इतकंच मला माझ्या आईने सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं की त्या घरात हा विषय काढायचा नाही. मी मंदाला कधी पाहिलं नव्हतं. आम्ही गदगला, ते इथे, एवढ्या लांबून येणंजाणं कुठलं! तिचा एखादा फोटोही घरात नव्हता. ती असती तर माझ्याच वयाची असती. फडताळात वरच्या फळीवर एक लहानशी पितळी ताटली पालथी ठेवलेली असायची. कल्हईवाला दारी आला की इतर भांड्यांबरोबर काकू तिलाही कल्हई लावून घ्यायची आणि परत जागेवर पालथी ठेवायची. त्या ताटलीत कुणी कधी जेवत नसे.

आता शिबिराचं.

मे महिन्यात शाळेच्या फळ्यावर सूचना लागली, 'मुलींसाठी शारीरिक हालचालींचे शिबिर'. काकांना वाटलं लेझीम असणार. "लेझीम उत्तम," म्हणाले, "छाती भरते." मीही त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

घेणाऱ्या बाई ठाण्याच्या. इंदूताई. उत्तरेत कुठल्याशा नृत्यकेंद्रात राहून शिकून आल्या होत्या, मग एका कलापथकाबरोबर गावोगाव हिंडल्या होत्या, आणि आता ठाण्यात मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. पहिल्या दिवशी त्या सलवार-कमीज घालून आल्या तिथेच निम्म्या डोंबिवलीत बातमी झाली. हातात एक जुनी खंजिरी. शाळेच्या लांबड्या हॉलमधले बाक भिंतीला लावून घेतले आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला एकही पायरी शिकवणार नाहीये. हात-पाय तुमचे, पाठ तुमची. त्यांना काय म्हणायचंय ते ऐकायचं, बस्स."

आम्ही एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसलो. पाचवारी पातळाचा पदर कमरेला खोचून उभ्या होतो आम्ही, आणि ही बाई सांगते पाठीचं ऐका! त्या म्हणायच्या, पाण्यातून चालताय असं चाला. आता पाणी कमरेपर्यंत आलं. आता नुसता डावा खांदाच तुम्हाला कुठेतरी नेतोय, त्याच्यामागे जा. दोन-तीन दिवसांत हसणं बंद झालं. एवढ्या वयात पहिल्यांदाच कळत होतं की अंग हे केवळ झाकायला आणि कामाला लावायला नसतं. खरं सांगायचं तर शिबिरातून घरी जाताना मला उड्या माराव्याशा वाटायच्या.

आम्ही आठजणी होतो. पण एकीच्या आजोबांच्या कानावर गेलं की इथे लेझीम नसून नाच आहे, आणि ते स्वतः काठी टेकत आले आणि नातीला घेऊन गेले. उरलो सातजणी. त्याच दिवशी ताईंनी जोड्यांचा खेळ काढला. समोरासमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे, तळव्यासमोर तळवा धरायचा, मध्ये थोडी फट ठेवायची. त्या फटीतून समोरचीचा कल ओळखायचा आणि हलायचं. कुणी पुढारी नाही, कुणी मागची नाही. सातात अर्थातच एक उरली, ती मी.

"कुसुम, तू हवेबरोबर कर," ताई म्हणाल्या.

"हवेबरोबर?"

"अगं, तुझ्यासमोर कुणी आहे असं समज. येईल कुणीतरी." त्यांनी हे अगदी सहज, हसत हसत म्हटलं.

दुपार उतरली होती. हॉलच्या खिडक्या उघड्या, लख्ख उजेड, बाहेर कावळे ओरडत होते. हे मुद्दाम सांगते, कारण असल्या गोष्टींत अंधार असतो, कुत्रं रडतं, वारा पडतो. इथे त्यातलं काहीही नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, दार माझ्या पाठीशी. डोळे मिटले, हात पुढे धरले. खंजिरी हळूहळू वाजायला लागली.

प्रथम काहीच नाही. स्वतःलाच हसू येत होतं. मग तळव्यांना ऊब लागली.

समोरच्या माणसाच्या हाताची लागते ना, अगदी तशीच. मला वाटलं, ताईच येऊन उभ्या राहिल्या असतील. पण खंजिरी तर लांब, हॉलच्या त्या टोकाला वाजत होती. आणि ती ऊब खाली खाली जायला लागली. तिला गाठायला मला हात खाली न्यावे लागले, मग कमरेत वाकावं लागलं. समोर जे कोणी होतं ते बुटकं होतं. तळवे छोटे होते, आणि मुलांचे खेळून आल्यावर असतात तसे जरा ओलसर.

घाबरले का? मुळीच नाही. हे मला आजही नवल वाटतं. उलट कुणी लहान मूल हात धरून "चल ना, चल ना" करतं तेव्हा आपण कसे मुकाट्याने निघतो, तशी मी निघाले. त्या उबेने मला अर्धं वळवलं आणि खाली बसवलं. मी मांडी घातली. मग ऊब गेली आणि माझे हात आपोआप हलायला लागले. आपोआप म्हणजे माझ्या नकळत नव्हे. मला सगळं कळत होतं, थांबवता आलं असतं, पण थांबवावंसं वाटलं नाही.

मी उजव्या हाताची. लिहिते, जेवते, फळ्यावर खडू धरते, सगळं उजव्याने. पण वर गेला तो डावा हात. त्याचं बोट माझ्या नाकाला, चमकी असते तिथे लागलं, आणि मग तळवा गालावरून हनुवटीपर्यंत खाली आला. मग तोच हात पोटावर गोल फिरला. सावकाश, मजेत. मग जमिनीवर, जणू समोर काहीतरी ठेवलंय त्याच्या काठावर, टक टक असं बोट वाजवलं. आणि मग दोन्ही हातांनी ते नसलेलं काहीतरी मी पुढे सरकवलं. लांब, हात पुरेल तिथवर.

आणि पुन्हा पहिल्यापासून. नाक, गाल. पोट. टक टक. पुढे. तिसऱ्यांदा सरकवलं तेव्हा समोरून काचेच्या बांगड्या वाजल्या.

आमच्या शिबिरात बांगड्या काढून ठेवायचा नियम होता. मी डोळे उघडले. माझ्यासमोर, हात पुरेल इतक्या अंतरावर, काकू मांडी घालून बसली होती.

ती गिरणीतून दळण घेऊन परतताना मला न्यायला आली होती. पिठाचा डबा दारात ठेवलेला दिसत होता. मी भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली होती आणि आता माझं तोंड बरोबर दाराकडे होतं. काकूचे हात पदराबाहेर होते. ते हलत होते. काहीतरी सांगत होते. झरझर, सराईतपणे, बोटं अशी नाचत होती की मी बघतच राहिले. चार वर्षं त्या बाईच्या घरात राहिले, पण तिचे हात इतके सुंदर आहेत हे मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा हसरा होता.

बाकीच्या मुलींना वाटलं, कुसुमची काकूपण शिबिरात आली. ताई मात्र थबकल्या होत्या. खंजिरी छातीशी धरून हळूच जवळ आल्या आणि माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या.

"कुसुम," त्या म्हणाल्या, "तुझ्या डाव्या हाताची ही दोन बोटं दुखतात का गं? सगळा वेळ आखडून धरली होतीस."

मी हात बघितला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही तळव्यात घट्ट मिटलेली होती. मी उघडली. काही दुखत नव्हतं.

"भाजली होती," काकू म्हणाली. "चुलीतलं लाकूड धरलं होतं, रांगत होती तेव्हा. मग ती दोन कधी उघडलीच नाहीत."

ताईंनी माझ्या धडधाकट बोटांकडे पाहिलं, मग काकूकडे. शहाणी बाई. काकूला उठायला हात दिला आणि म्हणाल्या, "आज इथेच थांबू या."

आम्ही घरी निघालो. डबा मी घेतला होता. तिने नेहमीसारखा दिवा लावला, आमटीला फोडणी दिली, भाताचं आधण ठेवलं. मी पडवीत बसून आपले हात बघत होते. काका आले. ते पाय धुवायला मागे निघाले तोच काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, जरा बसा. मंदाबद्दल विचारायचंय."

काका पाय न धुताच बसले. त्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"तुम्ही म्हणता, शेवटच्या संध्याकाळी तुम्ही तिला भात भरवलात."

"भरवला. मऊ भात, दूध घालून. देवाशपथ सांगतो. तुला माझं कधी पटलंच नाही."

"पटलं नाही, कारण ती माझ्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नसे. मला वाटायचं, माझं दुःख हलकं व्हावं म्हणून तुम्ही खोटं सांगताय. तुम्ही आहातच तसे." काकूचा आवाज हळू होता पण स्थिर होता. "आणि नंतर ती हात हलवत होती म्हणालात."

"हो. दाराकडे बघून. सारखं तेच तेच. मला काय कळणार? तुमची दोघींची भाषा मला कधी आली नाही. मला वाटलं पाणी मागतेय, म्हणून मी पेला देत राहिलो. ती पेला ढकलायची आणि परत तेच." काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "कितीदा विचारलंस, कसे हात हलवत होती. मला नाही गं दाखवता येत."

काकू त्यांच्यासमोर बसली आणि तिने करून दाखवलं. डावा हात, दोन बोटं मिटलेली. नाक, गाल. पोटावर गोल. टक टक. आणि दोन्ही हातांनी पुढे.

काकांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी आपल्या मुलीलाच पुन्हा पाहिलं होतं.

"हेच," ते म्हणाले. "अगदी हेच करत होती... तुला कुणी सांगितलं?"

काकूने माझ्याकडे पाहिलं. मग काय ते सांगितलं. नाक आणि गाल म्हणजे आई. ती खूण फक्त मंदाची, कारण आईला हाक तीच मारणार. आणि पुढचं त्या दोघींचं गुपित होतं. मंदा जेवायला त्रास द्यायची, म्हणून काकूने संध्याकाळी तिच्याबरोबरच, तिच्याच ताटलीत जेवायची खोड लावून घेतली होती. मंदाचं पोट भरलं की ती पोटावर हात फिरवायची, ताटलीच्या काठावर टकटक करायची आणि ताटली आईपुढे सरकवायची. मी जेवले, आता तू जेव. तिने सरकवल्याशिवाय काकू घास घ्यायची नाही, असा दोघींचा खेळ. पण नवरा घरी यायच्या आत बाईने जेवायचं म्हणजे त्या काळी आक्रीतच. सासूबाई तेव्हा घरात होत्या. त्यामुळे हे चालायचं स्वयंपाकघराचं दार लोटून. नंतर सगळ्यांदेखत काकू दोन घास खाल्ल्यासारखं करायची. म्हणूनच ते कधी कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं.

"माझं व्रतबित काही नव्हतं हो," काकू म्हणाली. "पोर उपाशी गेली असं मनाने घेतलं होतं. तिने ताटली सरकवलीच नाही, मग मी कशी जेवू?"

मग काका डोळे पुसत एवढंच म्हणाले, "म्हणजे तू माझ्याआधी जेवायचीस?"

आणि काकू हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मी तिला तसं हसताना प्रथमच पाहत होते. मला तर रडूच कोसळलं.

त्या संध्याकाळी तिने आमची दोघांची ताटं वाढली. मग फडताळाशी गेली, चवड्यांवर उभी राहून वरच्या फळीवरची ताटली काढली, पदराने पुसली आणि आमच्या पंगतीला मांडली. भात वाढून घेतला, वर आमटी. पहिला घास हातात घेऊन ती क्षणभर थांबली. काका आणि मी श्वास रोखून बघत होतो. तिने घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगंबाई," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही ही असली अळणी आमटी खाताय?"

काका माझ्याकडे बघायचे टाळत होते.

पुढे काकू पुष्कळ जगली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्याकडे येऊन राहिली. डॉक्टर शेवटपर्यंत समजत राहिले की त्यांच्या टॉनिकने गुण आला. चाळीतल्या बायकांनी उद्यापन झालं असं ठरवून टाकलं आणि एक-दोघी तर जेवायला न बोलावल्याबद्दल रुसल्याही.

आता तुम्ही म्हणाल तेच मी स्वतःला आजवर शंभरदा म्हणून पाहिलं आहे. काकूच्या हातांच्या हालचाली रोज बघून माझ्यात नकळत उतरल्या असतील. पण तिचे हात तर पदराखाली असायचे, आणि आई म्हणायची खूण ती स्वतः कशाला करेल? मग काकूला जे बघायचं होतं तेच तिने बघितलं असेल. असेल. पण ती दोन बोटं ताईंनी पाहिली होती, आणि त्यांना मंदा ठाऊकही नव्हती. आणि काकांनी "हेच" म्हटलं ते काकूने करून दाखवल्यावर, तेव्हा ते भोळ्या मनाने म्हणाले असतील... इथवर मी येते आणि मला तळव्यांवरची ती ओलसर ऊब आठवते. मग पुढे जाता येत नाही. गणिताच्या बाईंनी सोडून दिलेलं हे एकच गणित.

नात टाइप करता करता नाक ओढते आहे आणि विचारते आहे, "आजी, मग शेवट काय लिहू? कशामुळे झालं ते?"

लिही, की मला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की त्या दिवसापासून आमच्या घरी संध्याकाळची आमटी कधी अळणी झाली नाही.